नदीकाठी, पायाळूसमोर

ज्यांची पाठ महिना-महिना दुखते आणि ज्यांना घरचे-दारचे सांगतात की अमक्या पायाळूकडून पाय लावून घे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं शिक्षण सातवी. आठवीची पुस्तकं आणली होती, पण शाळा दुसऱ्या गावाला, घरी धाकटी भावंडं, म्हणून राहून गेलं. त्यामुळं लिहिताना चुकतंय की काय, ही धाकधूक आहेच. मला कशाचीही धाकधूक लागते. खुर्चीचा ब्रेक लावला तरी तीनदा हात लावून बघते. पण माझ्यासारखी एखादी हे वाचून रविवारी सकाळी उंबऱ्यावर थांबली, तर माझं काम झालं.

दुसरं कारणही सांगून टाकते. आजारातून उठताना आपण देवाचं नाव घेतलं असं लोक लिहितात. मी एका माणसाचं नाव घेत होते, आणि चांगल्या मनानं घेत नव्हते.

तीन रविवार

आमचं गाव देगलूरकडं, पार तेलंगणाच्या हद्दीला. लग्न झाल्यावर मालकांच्या, म्हणजे गंगाधरच्या, कामासाठी इकडं आलो. ते वाळूजला एका कंपनीत जातात. बेगमपुऱ्यात शमीमखालांच्या घरात आमची एक खोली. मी पिको-फॉल, ब्लाउज शिवते. दिवसभर मशीनवर वाकलेली, त्यामुळं पाठ दुखायला लागली तेव्हा मशीनच्या माथी मारलं. संध्याकाळी कणकण यायची, ती थकव्याच्या माथी मारली. झंपर ढिले व्हायला लागले, तर बरंच झालं, बारीक झाले, असं वाटलं.

घरापासून खाम नदी पाच मिनिटांवर. काठानं फिरायचा रस्ता केलाय, झाडं लावलीत, बाकं टाकलीत. सकाळी मी तिथं जायची. तिथं किसनमामा माळीकाम करायचे. साठीच्या पुढचे, काटक, डोक्याला टॉवेल. ते पायाळू होते. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. असल्या माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, असं आमच्या गावाकडंही मानतात, इथंही मानतात. रविवारी सकाळी त्यांच्या बाकापाशी सात-आठ माणसं तरी उभी असायची. मामा पैसा घेत नव्हते. पाया मात्र पडून घेत होते.

रीत अशी : तीन रविवार यायचं, अनशापोटी. बाकाला धरून वाकायचं, तोंड पाण्याकडं, आणि मागं वळून बघायचं नाही. मामा चप्पल काढून डावा पाय पाठीला लावायचे.

पहिल्या दोन रविवारी नुसता लावला. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "तुझी उसण लई चिवट हाय पोरी," आणि अंगाचा भार दिला. आत काहीतरी कट्‌ वाजलं. डोळ्यांपुढं पांढरं झालं.

"निघाली बघ!" मामा म्हणाले. सगळे हसले, एकानं टाळी वाजवली.

मी वळले आणि वाकून त्यांच्या पाया पडले. या सगळ्या आजारपणातलं मला सगळ्यात जास्त काय बोचत असेल, तर ते.

पाय ऐकेना

मंगळवारी मशीनवर बसले, पायडलवर पाय ठेवले आणि पाय हलेनात. ठेवलेले दिसत होते, पण ठेवल्याचं कळत नव्हतं. गंगाधर म्हणाले, "मुंग्या आल्या असतील. झोप थोडी." बुधवारी सकाळी उभी राहायला गेले आणि पिठाच्या डब्यावर आडवी झाले. त्याहून वाईट म्हणजे लघवी कधी झाली ते मला कळलं नाही. ते कळल्यावर मी रडायला लागले.

"रडलालीस कामून? पडल्यावर लागलं का?" गंगाधर विचारत होते. आमच्याकडं असंच बोलतात.

शमीमखाला आवाज ऐकून आत आल्या. त्यांनी माझ्या पायाला चिमटा काढला, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि दारात जाऊन ओरडल्या, "गंगाधर, रिक्षा बुला रे! इसके पाँवां में जान नै!" ती एक ओरड नसती तर आम्ही अजून दोन दिवस तेल चोळत बसलो असतो. खालांचे उपकार मी कधीच फेडू शकणार नाही, आणि फेडते म्हटलं तर त्या मला मारतील.

मोठ्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मशीनच्या बोगद्यात घातलं. नंतर एक तरुण डॉक्टरीण फिल्म उजेडाला धरून माझ्या कॉटवर बसली. पाठीचा कणा मला मक्याच्या कणसासारखा दिसला. त्यातले दोन दाणे किडलेले, एकमेकांत बसलेले.

"मणक्याचा टीबी आहे," ती म्हणाली. "बरा होतो. गोळ्या लांब चालतील, ऑपरेशन लागेल. पाय किती परत येतील ते आज नाही सांगता येणार."

टीबी म्हणजे खोकला, एवढंच मला ठाऊक. मला तर ठसकासुद्धा नव्हता. पण मी विचारलं वेगळंच. "डॉक्टर, हे लाथेनं झालं का?"

कसली लाथ, म्हणून तिनं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "हाड आतून पोखरलेलंच होतं. आज ना उद्या बसलं असतं. पण आधी आला असतात तर कदाचित चालत आला असतात. आणि त्याच्यावर पाय द्यायला नको होता."

तिनं न्यायानं सगळी वाक्यं सांगितली. मी फक्त शेवटचं ठेवून घेतलं.

कॉटवरचे दिवस

ऑपरेशनचं मी सांगणार नाही, मला आठवतही नाही. आठवतं ते छत. दर दोन तासांनी मला कुशीवर करायचे, लाकडाच्या ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम. एकीनं खांदा धरायचा, एकीनं कंबर, एकीनं पाय. "एक, दोन, तीन, चल देगलूर!" एक मावशी म्हणायची. माझ्या बोलण्याची त्या टर उडवायच्या. "काय करलालीस, देगलूर?" "पडलाले," मी म्हणायची, आणि सगळा वॉर्ड हसायचा. त्या मावशीनं माझ्या पाठीला एक फोड येऊ दिला नाही. गोळ्यांनी लघवी नारिंगी व्हायची, तर म्हणायची, "घाबरू नको, रंगपंचमी आहे."

आई गावाहून आली, आठ दिवस राहिली. तिला जिना चढवत नव्हता. जाताना माझे पाय दाबत बसली. मला कळत नव्हतं, पण तिला थांब म्हणवेना.

आणि मी काय करत होते? बाकी वेळ मी किसनमामाला काय बोलायचं ते जुळवत होते. आधी मनातसुद्धा 'ते मामा' म्हणायची. ऑपरेशननंतर 'तो' झाला. कधी ठरवायचे पोलिसांत द्यायचं, कधी त्याच्या त्या डाव्या पायावर दगड घालायचा. कधी नुसतंच, तो वाकलेला आणि मी उभी. फिजिओथेरपीची मॅडम म्हणायची, "मनातून पायाला सांगा, हल." मी पायाला सांगायची, हल, आपल्याला नदीवर जायचंय. पाचव्या महिन्यात उजव्या पायाचा अंगठा हलला. मॅडमला वाटलं माझी जिद्द. तो राग होता. राग वाईट असतो असं कुणी तुम्हाला म्हटलं तर म्हणू द्या, पण व्यायाम चुकवू नका.

घर

घरी आले ती पट्टा बांधून. चाकाची खुर्ची खालांनी ओळखीच्या घरातून आणली. तिथले आजोबा वारले होते. उजव्या चाकाचा आवाज यायचा, खालांनी खोबऱ्याचं तेल घातलं.

गंगाधरबद्दल खरं लिहायचं तर ते माझी लघवीची पिशवी रिकामी करून कामाला जायचे आणि चिडचिड करत परत यायचे. एकदा मी म्हटलं, मला नदीवर न्या, किसनमामाला तोंड दाखवायचंय. ते म्हणाले, "जाऊ दे ना इंदू. म्हातारा माणूस. त्यानं काय जाणून केलंय का?"

"तुम्ही कुणाच्या बाजूनं बोललालाव?"

"मी कुणाच्याच नाही. मीच म्हणलं होतं ना तुला जा म्हणून." मग भिंतीकडं बघत, "त्याला बोलशील तर मलाबी बोल."

मी दोन दिवस बोलले नाही. कारण ते खरं होतं. पण दोघांवर राग धरायला ताकद लागते, आणि पिशवी रिकामी करणाऱ्यावर तो धरता येत नाही.

काठावर

खुर्चीतून नदी वेगळी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या गेटात मोटारसायकली शिरू नयेत म्हणून लोखंडी पाइप रोवलेत. धडधाकट माणूस आडवा होऊन जातो, खुर्ची आडवी होत नाही. घाटाकडून गेलो तर अकरा दगडी पायऱ्या. गंगाधर म्हणाले उचलतो. मी पायऱ्या बघितल्या आणि ब्रेक लावून बसले, हलेचना.

तिसरी वाट माळ्यांची. पाण्याचा टँकर आत घ्यायला रुंद फाटक, थोडा उतार, आणि फाटकाला कुलूप. किल्ली कुणाकडं असेल, सांगायला नको.

तो आत पाइप धरून झाडांना पाणी देत होता. आठ महिन्यांनी दिसला. तसाच काटक. गंगाधर कानाशी म्हणाले, "चल परत." मी म्हटलं, "मामा, फाटक उघडा."

त्यानं पाहिलं. खुर्ची पाहिली, मग मला. पाइपातलं पाणी त्याच्याच पायावर पडत राहिलं.

"देगलूरची इंदू का गं तू?"

"व्हय."

"आगं काय झालं हे?" आणि पुढं, खरोखर कळवळून, "उसण लई खोल गेलती काय? परत एकदा लावून बघू का पाय?"

आठ महिने जुळवलेलं सगळं माझ्या तोंडातल्या तोंडात राहिलं. माणसानं मुद्दाम केलं असतं तर मी ओरडले असते. याला काही माहीतच नव्हतं. याचा पाय अजून देवाचाच होता.

"फाटक उघडा, बस," मी म्हटलं.

त्यानं उघडलं. तेव्हापासून मी दर रविवारी गेले. आधी गंगाधर ढकलायचे, नंतर मी स्वतः. जुन्या जीन्सचे हातमोजे शिवले, तळव्याला दुहेरी कापड, म्हणजे चाक फिरवताना सोलत नाही. आडवाटा सगळ्या पाठ झाल्या. ब्लॉकच्या फटीत पुढचं चाक कुठं अडकतं, उताराला कुठं हात सोडायचा नाही. काठाचा कठडा नेमका माझ्या डोळ्यांच्या उंचीचा, त्यामुळं नदीकाठी जाऊन नदी दिसत नाही, सिमेंट दिसतं. एकाच ठिकाणी कठडा संपून जाळी आहे. तिथून पाणी दिसतं, बगळे दिसतात, वरच्या अंगाला जुना दगडी पूल दिसतो. ती जागा मामाच्या बाकासमोर. मी तिथंच खुर्ची लावायची.

आणि सांगायची. जो पाठ धरून येईल त्याला, मामाला ऐकू जाईल असं. "दादा, ताप येतो का संध्याकाळी? वजन उतरलं का? मीबी इथंच वाकले होते. तिसऱ्या रविवारी माझा मणका बसला."

कुणी चपापून परत जायचं. कुणी हसायचं. "आली ही बाई. आज सगळ्यांच्या पाठी आपोआप बऱ्या." ट्रॅकसूटवाले एक काका समजावायला आले, "ताई, हा श्रद्धेचा भाग असतो." मी म्हटलं, "श्रद्धा तुमची, मणका माझा." घरी आल्यावर मात्र कुणी मारलं तर पळताही येणार नाही, हे रोज मनात यायचं. तरी पुढच्या रविवारी जायचे. बाकापाशी माणसं कमी व्हायला लागली, आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटायचं.

एका रविवारी बाकापाशी कुणीच नव्हतं. तो माझ्याकडं आला.

"पोरी, माझ्या आईनं मला उलटा जन्माला घातला, त्यात माझा काय गुन्हा? चाळीस वर्षं पाय लावतोय. कुणाकडून चहा घेतला नाय. बरी झालेली माणसं परत येत नाहीत, आलं कधी कुणी भांडायला?"

"मी आठ महिने नव्हते आले," मी म्हटलं. "मला कशात धरलं होतं?"

तो मग विळा उचलून पलीकडच्या वाफ्यात जाऊन बसला, पण काही कापत नव्हता. मला वाटतं तो मोजत होता. कोण कोण परत आलं नाही ते.

पुढच्या रविवारी फाटकाच्या उंबऱ्याला मुरूम टाकून चोपलेला होता, चाक अलगद वर चढावं असा. कुणी टाकला ते मी ओळखलं. मला त्याचा आणखीच राग आला. मला त्याच्याकडून सोय नको होती.

फर्दापूरची ताई

शेवटचं सांगते.

एक जोडपं मोटारसायकलवरून आलं. बाई पंचविशीची, मांडीवर हात टेकून टेकून चालत होती. मी तसंच चालायची. त्या दिवशी फिरणाऱ्यांची गर्दी होती, पलीकडं योगासनवाल्या बायका होत्या. मामाला बऱ्याच दिवसांनी कुणीतरी लांबून आलेलं. सवयीनं त्यानं चप्पल काढली.

"ताई, संध्याकाळी ताप येतो का?" मी विचारलं.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "कणकण असते."

"जेवण?"

"नाही जात."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

नवरा वैतागला. "तुम्ही कोण हो बाई? मामा, तुम्ही लावा. फर्दापूरहून अडीच तास गाडी हाणत आलोय, उपाशी."

"लावा मामा," ट्रॅकसूटवाले काका म्हणाले. "हिचं दर रविवारचं आहे."

ती बाकाला धरून वाकली. पाण्याकडं तोंड केलं, मागं बघितलं नाही. ओरडून कुणी ऐकणार नव्हतं. खुर्ची ढकलली तर मध्ये फुलझाडांचा कट्टा, चाक त्यावर आपटून थांबलं. एका हाताच्या अंतरावर तिची पाठ, आणि मला पोचता येत नव्हतं. एवढी घाबरले नव्हते मी मशीनच्या बोगद्यातसुद्धा.

मामानं पाय उचलला होता. तो माझ्याकडं बघत होता.

मग त्यानं पाय खाली ठेवला. "नाय लावत," तो म्हणाला.

"अहो पण..."

"नाय म्हणलं ना!" त्याचा आवाज फाटला. "ही खुर्चीतली पोरगी बघितली का? याच पायानं बसवली मी हिला. मणका वाजला आन मी म्हणलं उसण निघाली. आन ही माझ्या पाया पडली. उठ बाई, उठ तू. ती सांगते त्या दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता."

ती बाई हळूहळू सरळ झाली. (तिचा नंतर फोन आला. टीबीच निघाला, लवकर सापडला. गोळ्या चालू आहेत, चालतेय, भाकऱ्या करतेय. मी रडले, तिच्यासाठी आणि थोडी हेव्यानं.)

त्या क्षणाची मी एवढे दिवस वाट पाहिली होती. मनात यायला हवं होतं की झालं आता, सोड. माझ्या मनात काय आलं सांगू? पलीकडच्या बायकांना ऐकू गेलं नसेल.

"मोठ्यानं बोला," मी म्हटलं. "तिकडं नाही गेलं ऐकू."

मला न्यायला आलेले गंगाधर मागून म्हणाले, "इंदू, बास."

पण मामा वळला आणि पुन्हा सगळं बोलला, त्या बायकांकडं तोंड करून, मोठ्यानं, मणका वाजल्यापासून. बोलताना त्याच्या नाकातून पाणी येत होतं. मी एक शब्द कमी करू दिला नाही.

मग तो कट्ट्याला वळसा घालून आला आणि माझ्यापुढं वाकला. हात मातीचे, ओले.

"डावा नका धरू," मी म्हटलं. "त्याला काही कळत नाही. उजवा धरा."

त्यानं उजवा धरला. गार लागलं. वडीलधारं माणूस पायाशी वाकलं की आपण पटकन पाय मागं घेतो. मला घेता येत नव्हता. आला असता तरी घेतला नसता.